ऑपरेशन थिएटरमधली गळती

ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) वाया जाणारा वायू आणि वीज वाचवायच्या कामाची सुरुवात वजनकाट्याने झाली. भुलीसाठी वापरतात त्या नायट्रस ऑक्साइडच्या टाकीला दाबाचा काटा असतो, पण किती वायू उरला आहे हे त्यावरून कळत नाही. टाकीत नायट्रस द्रवरूपात असतं आणि तळाशी द्रव आहे तोवर वरच्या वाफेचा दाब बदलत नाही, २० अंश सेल्सिअसला तो साधारण ५० बार असतो. टाकी गच्च भरलेली असो की पावच उरलेली असो, काटा हलत नाही. म्हणून टाकीच्या मानेवर ठोकलेलं रिकामं वजन वाचायचं, टाकी काट्यावर चढवायची आणि फरक वहीत लिहायचा. एक किलो नायट्रस म्हणजे अंदाजे ५४० लिटर वायू. एक वजन शनिवारी शेवटची केस उरकल्यावर घ्यायचं, दुसरं सोमवारी पहिली केस लागण्याआधी. मधल्या काळात कुणालाच भूल दिली नसताना वजन उतरलं असेल, तर तेवढा वायू कुठल्या तरी सांध्यातून बाहेर गेला.

एडिंबरा परिसरातल्या सरकारी रुग्णालयांनी हाच हिशेब मांडला, तेव्हा विकत घेतलेल्या नायट्रसपैकी अगदी थोडा भाग रुग्णापर्यंत पोचतो आणि बाकीचा मॅनिफोल्ड (बऱ्याच टाक्या एकत्र जोडून पाइपलाइनला वायू पुरवणारी व्यवस्था) आणि पाइपलाइनमधूनच उडून जातो, असं दिसलं. कोल्हापुरातल्या दोन ओटींच्या मध्यम रुग्णालयात चित्र वेगळं असण्याचं काही कारण नव्हतं. काम करताना आम्ही क्रम ठरवला तो असा: आधी मोजायचं, मग गळती बंद करायची, खरेदी सगळ्यात शेवटी. ‘हरित ओटी’ म्हटलं की पहिल्याच बैठकीत नवी यंत्रं, सौर पॅनल आणि कोटेशनं टेबलावर येतात. ती बाजूला सारावी लागतात.

नायट्रस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट ऊब धरतो, हवेत शतकभर टिकतो आणि ओझोनचा थरही खातो. पण ओटीतल्या सिस्टरला आभाळाची काळजी सांगून फारसा उपयोग होत नाही, आणि त्यात तिचं चुकतही नाही. तिला सांगायची गोष्ट दुसरी आहे. रोज आठ तास थोडा थोडा नायट्रस नाकात गेला तर शरीरातलं बी-१२ निकामी होऊ शकतं. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने ओटीतल्या हवेसाठी सुचवलेली सरासरी मर्यादा दहा लाखात २५ भाग इतकी आहे आणि हॅलोथेनसारख्या भुलीच्या वाफांसाठी कमाल मर्यादा दहा लाखात फक्त २ भाग. पृथ्वीला जाचणारा वायू आणि सिस्टरचं डोकं दुखवणारा वायू एकाच फटीतून येतो. ती फट शोधली की दोन्ही कामं होतात.

शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. भुलीच्या मशीनला लटकवलेल्या छोट्या टाकीच्या योकमधलं (टाकी बसवायच्या पकडीतलं) बोडॉक सील, म्हणजे धातूची कडी असलेला रबरी वॉशर. टाकी बदलताना जुना वॉशर तसाच राहिला किंवा दोन बसले की गळती ठरलेलीच. मॅनिफोल्डच्या पिगटेलची, म्हणजे टाकी जोडणाऱ्या नळीची, दोन्ही टोकं. रेग्युलेटरचा पडदा. ओटीच्या भिंतीतल्या आउटलेटमधली ओ-रिंग, जी प्रोब (मशीनच्या नळीचं टोक) वर्षानुवर्षं खुपसून-काढून झिजते. साबणाचं पातळ पाणी ब्रशने लावायचं, बुडबुडे पाहायचे, नंतर कोरडं पुसायचं. सांधा घट्ट बसत नाही म्हणून कुणी तेल किंवा ग्रीस लावायला निघाला, तर त्याचा हात तिथेच धरायचा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की भडका उडतो आणि नायट्रसही ज्वलनाला मदतच करतो.

गळती बुजवत बसण्यापेक्षा नायट्रसची पाइपलाइनच बंद करणं शहाणपणाचं, या मताला आम्ही आलो. आज बहुतेक केसेस त्याच्याशिवाय करता येतात. हवा असेल तेव्हा मशीनवरची एक छोटी टाकी पुरते. ती वापर नसताना किल्लीने बंद ठेवायची. टाकी चुकीच्या योकमध्ये बसू नये म्हणून पिना असतात, ऑक्सिजनसाठी २-५ आणि नायट्रससाठी ३-५. पिन वाकलेली किंवा तुटलेली दिसली तर तो योक वापरातून काढायचा.

पाइपलाइन बंद करणं म्हणजे नुसता व्हॉल्व्ह फिरवणं नव्हे. भूलतज्ज्ञ, सर्जन, देखभालवाला आणि गॅस पुरवणारा, सगळ्यांना लेखी कळवायचं. मॅनिफोल्ड बंद करून उरलेला वायू इमारतीबाहेर सोडायचा, नळी दोन्ही टोकांना कायमची बंद करायची, आउटलेट काढून तिथे पट्टी बसवायची. वैद्यकीय वायूच्या नळीला एकदा कुणाचा हात लागला की त्या मजल्यावरच्या प्रत्येक ऑक्सिजन आउटलेटवर ऑक्सिजन ॲनालायझर लावून खात्री करायची. नळ्यांची अदलाबदल ही या कामातली सगळ्यात घातक चूक. ती दिसत नाही, वास येत नाही आणि कळते तेव्हा टेबलावर रुग्ण निळा पडलेला असतो. दुसरी अडचण अशी की नायट्रस गेल्यावर ऑक्सिजनमध्ये मिसळायला वैद्यकीय हवा लागते. ती नसेल तर प्रत्येक रुग्ण शंभर टक्के ऑक्सिजनवर राहतो, त्याने फुफ्फुसाचे कोपरे मिटतात आणि कॉटरीच्या (विजेने कापायच्या आणि रक्त थांबवायच्या हत्याराच्या) ठिणगीला निमंत्रण मिळतं. तेव्हा तेलविरहित कॉम्प्रेसर नाहीतर हवेच्या टाक्या आधी, नायट्रसची रजा नंतर.

मग वळायचं भुलीच्या वाफेकडे, म्हणजे सेवोफ्लुरेनसारख्या द्रव औषधाच्या वाफेकडे. सेवोफ्लुरेन किती खर्च होतं याचं एक सोपं सूत्र आहे: ताज्या वायूचा प्रवाह (फ्लो) मिनिटाला लिटरमध्ये, गुणिले व्हेपोरायझरच्या (वाफ करणाऱ्या डब्याच्या) डायलवरचे टक्के, गुणिले ३. उत्तर येतं ते तासाला मिलिलिटर. ६ लिटर प्रवाहावर २ टक्के म्हणजे ३६ मिलि. २५० मिलिची बाटली सात तासांत संपली. १ लिटरवर तेच ६ मिलि. खरी बचत याहून कमी पडते, कारण प्रवाह कमी केला की सर्किटमधली (मशीन आणि रुग्ण यांना जोडणाऱ्या श्वासाच्या नळ्यांमधली) वाफ पातळ होते आणि डायल ३ टक्क्यांवर न्यावा लागतो. तरी ९ मिलिच झाले. मोठ्या माणसाला भुलीत मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन लागतो. सेवोचा शरीरात शिरलेला जेमतेम ३ ते ५ टक्के भाग शरीर मोडतं. बाकीचं सगळं धुराड्यातून बाहेर जातं.

पण फ्लो कमी करा असा फतवा काढण्याआधी मशीन त्या लायकीचं आहे का ते पाहायला हवं. श्वासात जाणारा ऑक्सिजन, बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड आणि भुलीच्या वाफेचं प्रमाण, हे तिन्ही आकडे पडद्यावर दिसत नसतील तर फ्लो कमी करायचा नाही. बेन सर्किट असेल तरीही नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड ताज्या वायूनेच धुतला जातो आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाला किलोमागे मिनिटाला ७० मिलि तरी लागतात. ६० किलोच्या रुग्णाला ४.२ लिटर. भुलीचं जुनं बॉईल्स मशीन आणि बेन ही जोडी आपल्याकडे अजून बरीच दिसते. तिथे बचतीचा पहिला टप्पा म्हणजे सोडालाइमचा (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा असलेलं सर्कल सर्किट, ज्यात सोडलेला श्वास पुन्हा वापरला जातो, फ्लो त्यानंतर.

लीक टेस्ट रोज सकाळी. पॉपऑफ व्हॉल्व्ह (जादा वायू सोडणारी झडप) बंद, वाय-पीसवर (रुग्णाकडच्या तोंडावर) अंगठा, सर्किटमध्ये ३० सेंटिमीटर पाण्याइतका दाब. तो टिकवायला मिनिटाला १५० मिलिहून जास्त वायू लागत असेल तर सर्किट गळतंय. दोषी बहुतेक वेळा तेच ते: सोडालाइमच्या डब्याच्या रबरी कडेवर बसलेला दाणा, वॉटर ट्रॅपचं झाकण, नाहीतर धुऊन वाळवलेली कोरुगेटेड नळी. गॅस मॉनिटरची सॅम्पल लाइन मिनिटाला दीडशे ते अडीचशे मिलि वायू ओढते. तो परत सर्किटमध्ये नाहीतर स्कॅव्हेंजिंगमध्ये (उरलेली भूल बाहेर नेणाऱ्या व्यवस्थेत) सोडायचा. कित्येक ठिकाणी मॉनिटरच्या पाठीमागून तो थेट भूलतज्ज्ञाच्या तोंडासमोर सुटत असतो.

केस सुरू करताना पहिली पाच-दहा मिनिटं फ्लो मोठाच ठेवायचा, फुफ्फुसं आणि सर्किट भरू द्यायचं. मग १ लिटरवर यायचं. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालायच्या वेळी मास्क काढला की लोक व्हेपोरायझर बंद करतात आणि फ्लो तसाच ठेवतात. करायला हवं ते उलट: व्हेपोरायझर चालू, फ्लो बंद. त्याने सर्किटमधली वाफ जागच्या जागी राहते आणि खोलीत काही सुटत नाही. फक्त नळी जोडल्याबरोबर फ्लो पुन्हा चालू झाला पाहिजे. टेक्निशियनने तेव्हा मोठ्याने “फ्लो चालू, सर” म्हणायचं, अशी सवय लावली की विसर पडत नाही.

फ्लो कमी झाला की सोडालाइमवरचा भार वाढतो. तो जास्त लागतो, यात नवल नाही. दाणे पांढऱ्याचे जांभळे होतात, पण नुसत्या रंगावर विसंबू नये. रात्रभर पडून राहिले की ते पुन्हा फिके दिसू लागतात, शक्ती मात्र परत आलेली नसते. दर सोमवारी डबा ओतून टाकायची पद्धतही वायाच घालवणारी. श्वासात आत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा पाहायचा. तो अर्ध्या टक्क्याच्या, म्हणजे ४ मिमी पाऱ्याच्या वर गेला की डबा बदलायचा. उलट धोकाही आहे. शनिवारी केस संपल्यावर ऑक्सिजनचा फ्लो चुकून चालू राहिला तर सोमवारपर्यंत सोडालाइम खडखडीत वाळतो. त्याच्यात साधारण १५ टक्के पाणी असायला हवं. तीव्र अल्कली असलेल्या वाळक्या सोडालाइमवरून डेसफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन गेलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, सेवोने डबा तापतो. तसा फ्लो चालू सापडला, तर रंग काहीही असो, डबा रिकामा.

डेसफ्लुरेन या भुलीच्या औषधाबद्दल लांबण लावत नाही. ते कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट ऊब धरतं, सेवो दीडशेच्या आसपास. स्कॉटलंडने २०२३ मध्ये ते वापरातून काढलं आणि युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून त्यावर निर्बंध आले आहेत. त्याला वेगळा, विजेवर तापणारा व्हेपोरायझर लागतो. ज्या रुग्णालयात तो आधीच नाही, त्यांनी घेऊच नये. हर्निया, सिझेरियन, गुडघ्याखालची हाडं यांत आपल्याकडे स्पायनल (पाठीच्या कण्यातून सुईने दिलेली भूल) सर्रास दिलं जातं आणि हिशेब पाहता ती जुनी सवय फार चांगली आहे. स्पायनलच्या रुग्णाचं सॅच्युरेशन उत्तम असताना सवयीने मास्कवर ६ लिटर ऑक्सिजन सोडून ठेवायचं कारण मात्र नाही.

ऑक्सिजनचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूरकरांना एक हिशेब जवळचा वाटेल. जम्बो टाकीत ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर. ६ लिटर प्रवाहाने ती १९ तास पुरते. १ लिटरने ११६ तास. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आलं, वाहतूक काही दिवस बंद राहिली, तेव्हा या दोन आकड्यांतलं अंतर किती मोठं आहे ते सगळ्यांच्या लक्षात आलं. मात्र एक फसगत टाळायला हवी. ज्या मशीनचा व्हेंटिलेटर भात्याचा आहे, त्याचा भाता दाबायला ऑक्सिजनच वापरला जात असेल तर रुग्णाच्या प्रत्येक श्वासाएवढा ऑक्सिजन त्यातच खर्ची पडतो आणि फ्लो कितीही कमी करा, टाकी संपायची तशीच संपते. मशीन परवानगी देत असेल तर भात्याचा चालक वायू हवेवर वळवून घ्यायचा. हे काम कंपनीच्या इंजिनिअरकडून.

पॉपऑफमधून निघालेला वायू जातो कुठे, हे पाहायला मशीनच्या मागे वाकावं लागतं. चांगल्या मशीनला स्कॅव्हेंजिंगचं ३० मिलिमीटरचं तोंड असतं, श्वासाच्या २२ मिलिमीटरच्या नळीशी चुकूनही जुळू नये म्हणून वेगळं. बऱ्याच ठिकाणी त्याला जोडलेली नळी जमिनीवर सोडलेली असते, आणि जमिनीलगतच एसीची रिटर्न जाळी. म्हणजे उरलेली भूल एएचयूमार्फत (ओटीची हवा गाळून, थंड करून फिरवणाऱ्या यंत्रामार्फत) परत सगळ्यांना वाटली जाते. नळी भिंतीबाहेर काढायची, तोंड खाली वळवायचं, वॉर्डच्या खिडकीपासून आणि एएचयूच्या ताज्या हवेच्या तोंडापासून लांब ठेवायचं. कोल्हापुरात पश्चिमेच्या भिंतीवर हे तोंड ठेवू नये. पावसाळ्यातला वारा तिकडूनच येतो, नळीत उलटा दाब करतो आणि पाणीही आत मारतो. आणखी एक जुगाड दिसतो तो जीवघेणा: भिंतीवरचं सक्शन सरळ पॉपऑफला जोडणं. मध्ये उघडी राखीव पिशवी किंवा दाब सोडणारा व्हॉल्व्ह नसेल तर सक्शन रुग्णाच्या छातीतलीच हवा ओढू लागतं.

वीज सगळ्यात जास्त खातो तो वारा. २० बाय २० फूट, १० फूट उंचीची ओटी म्हणजे ४,००० घनफूट. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मार्गदर्शनाप्रमाणे तासाला किमान २० वेळा हवा बदलायला हवी, त्यातली ४ वेळा बाहेरची ताजी. हिशेब केला तर मिनिटाला १,३३३ घनफूट हवा, पैकी २६७ ताजी. तापमान २१ अंश, ३ इकडेतिकडे. आर्द्रता २० ते ६० टक्के. शेजारच्या खोलीपेक्षा ओटीत किमान २.५ पास्कल दाब जास्त. ऑपरेशन चालू असताना यातल्या एकाही आकड्याला हात लावायचा नाही. बचत शोधायची ती ओटी रिकामी असतानाच्या तासांत.

एनएबीएचच्याच मार्गदर्शनात एएचयूचा पंखा चोवीस तास चालू ठेवायला सांगितलंय, पण काम नसताना व्हीएफडी (मोटरची गती कमी-जास्त करणारं उपकरण) लावून हवेचे फेरे २५ टक्क्यांपर्यंत खाली आणायला मुभा आहे, दाब टिकत असेल तर. पंख्याची गती निम्मी केली की वीज तत्त्वतः एक अष्टमांश लागते. व्हीएफडी ही कोल्हापूरला नवी चीज नाही. इथल्या फाउंड्र्या आणि साखर कारखाने त्यावर चालतात आणि उद्यमनगरात ते बसवणारा माणूस सहज मिळतो. पण तो भट्टीच्या ब्लोअरचा विचार करतो, ओटीचा नव्हे; त्याला तीन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात.

पहिली, २५ टक्के मुभा आहे म्हणून १२-१३ हर्ट्झवर जायचं नाही. साध्या मोटरचा थंड करणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो, इतक्या कमी गतीला तो मोटर थंड ठेवू शकत नाही. शिवाय भरत आलेल्या हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरमधून हवा रेटली जात नाही आणि दाब शून्यावर येतो. २० ते २५ हर्ट्झच्या दरम्यान डिफरन्शियल गेज (दोन खोल्यांच्या दाबातला फरक दाखवणारा काटा) पाहत पाहत थांबायचं. दुसरी, स्क्रब एरियातला (सर्जन हात धुतात तिथला) आणि शौचालयाचा एक्झॉस्ट पंखा त्याच बरोबर कमी झाला पाहिजे. तो पूर्ण जोरात राहिला तर रात्री ओटीत दाराखालून कॉरिडॉरची हवा येते. तिसरी गोष्ट महावितरणची. वीज जाऊन आली की बरेच व्हीएफडी बंदच राहतात. ‘ऑटो रिस्टार्ट’ची सेटिंग चालू करून घ्यायची, नाहीतर रविवारी दुपारी दोन मिनिटं वीज गेलेली असते आणि सोमवारी सकाळपर्यंत पंखा थांबलेला.

रात्री दोनला सिझेरियन आलं तर? ओटीच्या दाराशी, सिस्टरच्या कोपराला लागेल एवढ्या उंचीवर मोठं बटण: दाबलं की पूर्ण गती. २० फेऱ्यांच्या गतीला हवेतले ९९ टक्के कण १४ मिनिटांत जातात, ९९.९ टक्के जायला २१ मिनिटं. ठरलेल्या केसेससाठी टायमर पहिल्या चिऱ्याच्या किमान अर्धा तास आधी लावायचा. रुग्ण कॅज्युअल्टीतून निघाला की फोन करणाऱ्यानेच बटणाची आठवण द्यायची.

सर्जन आत आले की “एसी वाढवा” म्हणतात, आणि १८ वर नेला की खुश होतात. पावसाळ्यात हेच उलटतं. २२ अंशाला ५५ टक्के आर्द्रता असलेली हवा, बाष्प तेवढंच राहिलं तर, १८ अंशाला ७० टक्क्यांवर जाते. डिफ्युझरला (हवा सोडणाऱ्या छताच्या जाळीला) घाम सुटतो, थेंब टेबलाच्या बाजूला पडतो, कोपऱ्यात बुरशी धरते. तिकडे रुग्णाचं शरीर ३६ अंशांच्या खाली गेलं की रक्त गोठायला वेळ लागतो आणि जखम चिघळण्याची शक्यता वाढते. सर्जनला उकडतं ते बरेचदा डोक्यावरच्या हॅलोजन दिव्याने. एलईडी बसवला की २१-२२ वर तक्रार थांबते. या सगळ्यात पैसे घालायची एकच जागा सांगा म्हटलं, तर आम्ही दिवा सांगू.

एएचयूच्या पाण्याच्या नळीला यू-ट्रॅप असतो. पंख्याच्या ओढीपेक्षा त्यातला पाण्याचा स्तंभ उंच हवा. ओढ ५० मिमी पाण्याइतकी असेल तर ट्रॅप ७५ ते १०० मिमीचा. तो उन्हाळ्यात सुकतो आणि गटाराचा वास थेट ओटीत येतो. प्री-फिल्टर आपल्याकडे गाळप हंगामात लवकर भरतो. गुऱ्हाळं, कारखान्यांच्या चिमण्या आणि शेतात पेटवलेलं पाचट यांची काजळी ताज्या हवेबरोबर येते. त्या महिन्यांत दुप्पट वेळा धुवायचा, नाहीतर भार हेपावर पडतो आणि हेपा धुता येत नाही, बदलावाच लागतो. स्प्लिट एसीवर चालणाऱ्या ओटीला यातलं काहीच लागू नाही. ते यंत्र आतलीच हवा फिरवतं आणि त्याच्या आत बुरशीला ओलसर घरटं मिळतं. राजारामपुरी-शाहूपुरीच्या रहिवासी इमारतींत जागा नाही हे खरं, पण छोटा सीलिंगमध्ये बसणारा एएचयू हाच त्यावर इलाज.

कॉटरीच्या धुराला वास आहे म्हणून तरी लोक त्याकडे पाहतात. त्यात बेंझिनसारखी द्रव्यं आणि कधी जिवंत विषाणूही असतात, साधा सर्जिकल मास्क ते अडवत नाही. धूर ओढणाऱ्या यंत्राची नळी जखमेपासून ५ सेंटिमीटरच्या आत हवी. त्याहून लांब गेली की ती फक्त आवाज करते. भिंतीवरचं सक्शन थोड्याच धुराला पुरतं, तेही मध्ये फिल्टर लावूनच. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटातला वायू पोर्ट उघडून खोलीत सोडतात. तिथेही फिल्टरची नळी जोडायची. स्पिरिटयुक्त द्रावणाने त्वचा पुसली तर ३ मिनिटं वाळू द्यायची, केस असलेल्या भागात याहून पुष्कळ जास्त, आणि टेबलाच्या चादरीत साठलेलं द्रावण काढूनच ड्रेप (रुग्णावर पांघरायचं निर्जंतुक कापड) टाकायचा. घाईत कॉटरी लावली की निळसर ज्योत दिसतही नाही.

आणि शनिवारची फॉर्मेलिनची धुरी. पोटॅशियम परमँगनेटवर फॉर्मेलिन ओतून दार बंद करायचं आणि सोमवारी डोळे चोळत आत जायचं, ही पद्धत अजून काही ठिकाणी अभिमानाने पाळतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने २००४ मध्ये फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलं. धुरीने कोपऱ्यात वाळलेलं रक्त निघत नाही. ते साबणपाण्याने, मग जंतुनाशकाने, वरून खाली आणि स्वच्छाकडून घाणीकडे पुसून निघतं. मावशींना ही दिशा एकदा नीट दाखवली आणि दोन बादल्या दिल्या की पुढे त्या आपल्याला शिकवतात.

कापडाचा विषय कोल्हापुरात हमखास इचलकरंजीवर येतो. तीस किलोमीटरवर मागांचं गाव, सुती ड्रेप स्वस्त, वापरून फेकायच्या ड्रेपला इथेच पर्याय नाही का? अर्धाच आहे. सुती कापड ओलं झालं की रक्ताबरोबर जंतू आरपार जातात, आणि प्रत्येक धुलाईत त्याचा धागा सुटतो. रिटर्न जाळीवरचा पांढरा पापुद्रा काढून पाहिला की बहुतेक तोच असतो. टिकाऊ आणि पुन्हा वापरता येणारं कापड म्हणजे दाट विणीचं पॉलिएस्टर, पाणी न झिरपणारं. आतले थर, ट्रॉलीचे कपडे, ओटीचे पायजमे-शर्ट सुती चालतात. जखमेभोवतीचा ड्रेप आणि गाऊनची छाती-बाह्या नाही. प्रत्येक नगाच्या कोपऱ्यात न पुसणाऱ्या शाईने चौकोन छापून घ्यायचे, दर धुलाईला एक खूण. उत्पादकाने सांगितलेला आकडा भरला की तो नग ओटीबाहेर. धुऊन आलं की उजेडाच्या टेबलावर धरून भोकं पाहायची; कॉटरीचं बारीक भोक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

धुलाईकडे जाणाऱ्या गाठोड्यात सुई किंवा टॉवेल क्लिप राहिली की ती धुणाऱ्याच्या हातात जाते. म्हणून सुया आणि ब्लेड मोजूनच केस बंद करायची. हत्यारांच्या मोजणीइतकीच ही मोजणी सक्तीची.

कचऱ्यात सगळ्यात सोपी सुधारणा रुग्ण आत येण्याआधीची. सिरिंजची वेष्टनं, पुठ्ठे, निर्जंतुक पिशव्यांचे कागद, हे सगळं साधा सुका कचरा आहे. पण ओटीत समोर फक्त पिवळी बादली असेल तर सगळं तिच्यातच जातं आणि भट्टीत जाळलं जातं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पिवळ्यात रक्ताने भिजलेलं, अवयव, कालबाह्य औषधं. लाल पिशवीत नळ्या, सिरिंज, हातमोजे. पांढऱ्या पक्क्या डब्यात टोकदार वस्तू. निळ्यात काच आणि धातूची इम्प्लांट. मांडणीच्या वेळी फक्त सुक्या कचऱ्याची बादली आत ठेवायची, रुग्ण आला की ती बाहेर आणि पिवळी-लाल आत. उरलेलं प्रोपोफॉल (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध) बेसिनमध्ये ओतायचं नाही. पाण्यातल्या जीवांना ते विषारी आहे, जाळण्याच्या कचऱ्यात जायला हवं. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, म्हणून पावसाळ्यात गाडी आली नाही तर दुसरा पर्याय कुठला, हे मे महिन्यातच विचारून ठेवायचं.

मे संपता संपता आणखी काही कामं असतात: यू-ट्रॅपमध्ये पाणी, एएचयूच्या पट्ट्यांचा ताण, पश्चिमेकडची तोंडं, जनरेटरची डिझेल टाकी आणि विजेचा पॅनल २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर आहेत का, सोडालाइम आणि सेवोचा साठा. फ्लो एकाच लिटरवर असेल तर सेवोच्या त्याच साठ्यात जास्त दिवस भागतात, सोडालाइम मात्र जास्त लागतो. वजनाची वही मात्र वर्षभर चालू ठेवायची. तिच्यात एक रकाना रिकामा सोडला आहे, ‘कारण’ नावाचा. वजन उतरलं की सोमवारी तो भरल्याशिवाय पहिली केस लागत नाही.